लक्ष्मी रोड कुठे संपतो?

मंडळी, एक सोपा प्रश्न विचारते. लक्ष्मी रोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?

सुरू कुठे होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. अलका टॉकीजचा चौक. संपतो कुठे, असं आमच्या घरात विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. मावशीचा लक्ष्मी रोड सिटी पोस्टापाशी संपतो, कारण तिची साडीखरेदी तिथवरच पुरते. आईचा सोन्या मारुतीपाशी, कारण तिथे सोनं. बाबांचा त्याच्याही अलीकडे, कारण तोवर त्यांचा धीर सुटलेला असतो. :)

खरं उत्तर आहे क्वार्टर गेट. सोन्या मारुती चौकातून पुढे, नागझरीवरून, नाना पेठेच्या पोटातून हा रस्ता थेट तिथपर्यंत जातो. म्हणजे आपण ज्याला लक्ष्मी रोड म्हणतो, त्याच्या पुढेही तो बराच शिल्लक असतो, आणि त्या उरलेल्या भागात माझ्या माहितीतलं कोणी विनाकारण जात नाही. कारण असलं की मात्र जातं. घरात लाकूडकाम निघालं की टिंबर मार्केट, स्कूटरचा पार्ट मिळेनासा झाला की नाना पेठ, कोणी आजारी पडलं की रास्ता पेठेतलं के.ई.एम. काम झालं की परत नदीच्या दिशेला.

मी सदाशिव पेठेत वाढले, लग्नानंतर कोथरूडला आले. दोन्हींच्या मधे नदी, आणि दोन्हींकडची माणसं तीच. :) मागच्या वर्षी पाऊस संपल्यावर सायकल दुरुस्त करून घेतली आणि ठरवलं, सिंहगड नाही, पाषाण तलाव नाही, रविवारी सकाळी पूर्वेकडे जायचं. तीन महिने गेले. त्याची ही हकीकत, आणि त्यातून वाचत गेले तो इतिहास.

सायकलच का? एक तर त्या बोळांत दुसरं काही शिरत नाही. दुसरं, सायकलवर माणूस कोणाला अडचण होत नाही. कुठेही पाय टेकवून पाटी वाचता येते, चहाच्या टपरीवर "हा वाडा कुणाचा हो काका?" असं विचारता येतं. गाडीतून काच खाली करून विचारलं तर लोकांना वाटतं जागेचा दलाल आला. शिवाय पुणं हे सायकलींचंच शहर होतं की! बाबा अजून सांगतात, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, संध्याकाळी दिवा नसला की पोलीस अडवायचा, आणि डबलसीट दिसलं की दोघांनाही उतरवायचा. असो.

आधी थोडा भूगोल, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पुण्यातून तीन ओढे दक्षिणेकडून उत्तरेकडे नदीला मिळतात: पश्चिमेला आंबिल ओढा, मधे नागझरी, पूर्वेला माणिक नाला. आज यातला एकही धड दिसत नाही. भिंतीमागे, पुलाखाली, स्लॅबखाली गेलेत. (२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं तो अजून आहे हे सगळ्यांना दाखवलं, ते वेगळं.) सायकलवर मात्र ओढा कळतो. रस्ता हलकेच उतरतो, पायांना आराम पडतो, मग पुन्हा चढ. त्या खोलगट जागी पूल असतो, आणि पुलांची नावं अजून शाबूत आहेत. बुरुडी पूल, दारूवाला पूल. बुरुडी पुलाजवळ टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरडांची आळी आहे. दारूवाला पुलाबद्दल टपरीवर तीन वेगवेगळ्या कथा ऐकल्या, त्यातली एकही इथे छापण्याइतकी खात्रीची नाही.

कसबा सगळ्यात जुना. मग मुघल अंमलात आणि नंतर पेशवाईत एकेक पेठ वसत गेली. आपण तोंडपाठ म्हणतो ते वार पुष्कळ ठिकाणी नंतर चिकटलेले आहेत. सोमवार पेठ पूर्वी शहापुरा, रविवार पेठ मलकापुरा, शुक्रवार पेठ विसापूर, शनिवार पेठ मुर्तझाबाद, गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. नागझरीच्या पूर्वेकडे वस्ती वाढली ती मुख्यतः अठराव्या शतकात. नाना फडणवीसांनी वसवली ती नाना पेठ, मूळ नाव हनुमंत पेठ. सरदार आनंदराव रास्त्यांची ती रास्ता पेठ, मूळ नाव शिवपुरी. या दोघींच्या मधे एक चिमुकली न्याहाल पेठ आहे, खासगीवाल्यांच्या पदरी असलेल्या न्याहाल नावाच्या माणसावरून. पुण्याच्या पेठा म्हणून दाखवा अशी पैज लागली की हिच्यापाशी भलेभले अडकतात.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांचं लष्कर कायमचं बसलं. तिथून या पेठांचं नशीब बदललं. शहराच्या पश्चिम टोकाच्या पेठा शहरातच राहिल्या, पण नाना, रास्ता, भवानी या पेठा शहर आणि लष्कर यांच्या मधल्या उंबरठ्यावर आल्या. लष्कराला धान्य हवं, चामडं हवं, शिपाई हवेत, कारकून हवेत, खानसामे हवेत. त्यामागे पारशी आले, बेने इस्रायली आले, मद्रासकडचे मुदलियार आले, ख्रिस्ती आले. त्यांची खूण अजून आहे. नाना पेठेत अग्यारी आहे. रास्ता पेठेत १९२१ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, सुक्कथ शलोमो. लष्करातलं लाल देऊळ सगळ्यांना माहीत असतं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं. पण त्याच्याहून साधं, गल्लीतलं हे दुसरं सिनेगॉग मी कधी ऐकलंही नव्हतं. मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं मराठी पेठेतलं प्रार्थनास्थळ. भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे. हा मात्र पाहिलाच पाहिजे, अगदी सायकल नसली तरी. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, १७७० मध्ये संपलं. सोमवार पेठ तेव्हा गोसाव्यांची होती. भगव्या कपड्यातली ही मंडळी मोठे सावकार आणि व्यापारी होती, पेशव्यांच्या सरदारांना कर्ज देणारी. जवळच्या नरपतगिरी चौकाच्या नावातला 'गिरी' त्यांचीच आठवण देतो. देवळाला शिखर नाही, दर्शनी भाग काळ्या दगडाचा आणि कोरीवकामानं खचाखच भरलेला. आत संस्कृत शिलालेख आहेत आणि त्यांच्याच सोबतीला एक फारसी. बाहेरच्या भिंतीवर एक गेंडा आहे, साखळीनं बांधलेला, आणि त्याला बांधणारे शिपाई इंग्रजी वेशातले! पुण्यात तोवर इंग्रजांचं राज्य यायला जवळजवळ पन्नास वर्षं होती, पण भवताली काय चाललंय हे त्या पाथरवटाला कळत होतं. मी अर्धा तास त्या गेंड्यासमोर उभी होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एका रविवारी मी बुधवार पेठेत दगडूशेठच्या समोर थांबले. इथे भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. कित्येक वर्षं तो पडायला आलेल्या अवस्थेत उभा होता, खाली दुकानं, कोर्टात खटला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत तो पाडला आणि जागा स्मारकासाठी घेतली. मूळ भिंती राहिल्या नाहीत.

सावित्रीबाई इथे रोज चालत यायच्या. घर गंज पेठेत. म्हटलं, आपण तो रस्ता करून बघू. त्या गंज पेठेतून बुधवारात यायच्या, मी उलटी निघाले. गल्लीबोळातून, वन-वे आला की उतरून सायकल हातात धरून, कुठेही घाई न करता. मोबाइलवर बघितलं तर अंतर दोन किलोमीटरच्या आतलं. वाटेत दोनदा रस्ता विचारला, एकदा कुत्री मागे लागली, तरी पंधरा मिनिटांत फुले वाड्याच्या दारात.

पंधरा मिनिटं. याच अंतरात त्या बाईवर शेण फेकलं गेलं, चिखल फेकला गेला. शाळेत गेल्यावर बदलायला म्हणून त्या दुसरं लुगडं सोबत न्यायच्या, ही गोष्ट आपण शाळेत शिकलोय. पण शाळेत ती गोष्ट कुठेतरी पुराणात घडल्यासारखी वाटते. त्या रस्त्यावर प्रत्यक्ष पाय टेकवले की कळतं, ती कुठल्या खिडक्यांखाली घडली. कापडाची, भांड्यांची दुकानं, वरच्या मजल्यावर माणसं राहतात, कोणी दात घासत गॅलरीत उभं. अशाच कुठल्यातरी गॅलरीतून.

आणि हेही खरं, की भिड्यांनी वाडा दिला. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे ही जोतीरावांची मित्रमंडळी पाठीशी उभी राहिली. म्हणजे शेण फेकणारे आणि जागा देणारे एकाच आळीत राहत होते, कदाचित एकाच पंक्तीला जेवत होते. 'तो काळच तसा होता' असं आपण म्हणतो ना, त्याला हे उत्तर आहे. काळ सगळ्यांना एकच होता.

१८५१ मध्ये फुल्यांनी रास्ता पेठेत मुलींची शाळा काढली, १८५२ मध्ये वेताळ पेठेत अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदाएक वर्षांच्या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. याच गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम आहे. जोतीराव तिथे दांडपट्टा शिकले, आणि वासुदेव बळवंत फडकेही तिथे येत असत असं सांगतात. एका गल्लीत तालीम, एका गल्लीत शाळा. एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र घडवणारा केवढा ऐवज या चार-दोन बोळांत होता!

फुले वाडा बुटका आहे, कौलारू. आपल्याकडे वाडा म्हटलं की दिंडीदरवाजा, चौक, कारंजं डोळ्यांपुढे येतं, तसलं काही नाही. शेतकरी-माळी कुटुंबाचं नीटनेटकं घर. आवारात जोतीरावांची समाधी, त्यावर वृंदावन. देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, म्हणून दहन करून अस्थी इथे ठेवल्या. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं होतं.

आणि पाण्याचा हौद. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

या हौदाचं महत्त्व कळायला पुण्याचं पाणी कसं होतं ते माहीत हवं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळानं शहरात पाणी आणलं. वाटेत ठिकठिकाणी हौद, तिथून लोकांनी घागरी भरायच्या. रास्त्यांनी कोंढव्याकडून आपला स्वतंत्र नळ आणला, नाना फडणवीसांचा वेगळा. अठराव्या शतकाच्या मानानं फार मोठी कामगिरी, आणि आपण पुणेकर ती अभिमानानं सांगतो. पण पाणी वाहत वाहत हौदापर्यंत आलं, आणि हौदाशी कोणी घागर बुडवायची हे जातीवर ठरलं. नळ जमिनीखालून सगळ्यांच्या दारावरून गेला, तोंडाला मात्र सगळ्यांच्या लागला नाही. कडक उन्हाळ्यात स्वतःच्या शहरात, हौदाशेजारी उभं राहून, कोणीतरी वरून ओतेल याची वाट बघणं म्हणजे काय असेल?

१८६८ मध्ये हौद उघडला. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं ते १९२७ मध्ये. मधे एकोणसाठ वर्षं.

वाड्यातून निघाले आणि गुरुवार पेठेत शिरले. सायकलवर पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत आणि पंचहौद मिशनचं उंच घंटाघर दिसलं. मराठी ख्रिस्ती मंडळींचं पवित्र नाम देवालय. रविवारची उपासना चालू होती, मराठीतून. रस्त्यावर मी एका पायावर उभी राहून ऐकत होते.

पंचहौद म्हटलं की ज्यांनी टिळकचरित्र वाचलंय त्यांना चहा आठवेल. १८९० च्या ऑक्टोबरात या मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी चाळीसेक प्रतिष्ठित मंडळी हजर होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशांनी (आनंदीबाईंचे यजमान, तेच ते) हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहरात आग लागली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. रानड्यांसारख्या माणसानं अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि स्वतःच्या सुधारक मित्रांचाही रोष ओढवून घेतला.

ही गोष्ट मी नेहमी गमतीची म्हणून ऐकली होती. आमच्याकडे चहा जास्त झाला की आजोबा म्हणायचे, "पंचहौद झालं!" पण त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून तारखा जुळवून पाहिल्या. चहाचं प्रकरण १८९० च्या ऑक्टोबरचं. जोतीराव गेले २८ नोव्हेंबर १८९० ला, इथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे शहरातली शहाणी माणसं एका कपाच्या पापाचा काथ्याकूट करत होती तेव्हा, शेजारच्या पेठेत, बावीस वर्षांपूर्वी आपला हौद उघडणारा माणूस शेवटच्या आजारात अंथरुणावर होता. माझ्या आजोबांच्या गोष्टीत चहा होता, टिळक होते, रानडे होते. तो हौद आणि तो माणूस नव्हता. तेवढाच लक्ष्मी रोड ठाऊक असल्यासारखं.

परत येताना नाना पेठेत अहिल्याश्रमाशी थांबले. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं हे पुण्यातलं घर, इंदूरच्या होळकरांची देणगी मिळाली म्हणून अहिल्याबाईंचं नाव. शिंदे मूळचे जमखिंडीचे, विलायतेत धर्म शिकून आलेले, त्यांनी आपलं काम थाटलं ते इथे. पुन्हा तेच. नवं काही करायचं असेल तर माणसं नागझरीच्या या बाजूला यायची.

का बरं? मला वाटतं, उंबरठ्यावर राहणाऱ्याला दोन्हीकडचं दिसतं. इथे एका गल्लीत मोमीन, दुसरीत मातंग, तिसरीत पारशी, शेजारी तमिळ, पलीकडे लष्कराचं बँड. इथल्या माणसाला 'जग असंच असतं' असं कोणी पटवून देऊ शकत नसे, कारण शेजारचं जग तसं नसायचं. आम्ही पश्चिमेकडचे लोक पुस्तकं, वर्तमानपत्रं, सभा यांनी घडलो आणि त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण त्यातले काही प्रश्न आम्ही सभेत मांडत होतो तेव्हा इथे त्यांची उत्तरं करून बघितली जात होती.

आता घरच्यांसाठी थोडं. पणजीला सही येत नव्हती. घराच्या कागदावर तिचा अंगठा आहे, तो मामाकडच्या ट्रंकेत सगळ्यांनी पाहिलाय. आजी चौथीपर्यंत शिकली आणि मरेपर्यंत रोज पेपर वाचत होती, निधनवार्ता पहिल्यांदा. :) आई बी.ए. झाली. मी दोन वेण्या घालून सायकलवरून मुलींच्या शाळेत गेले, आणि माझ्यावर कोणी काही फेकलं नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, त्यात कोणत्या पूर्वजाला कुठलं इनाम मिळालं ते नीट लिहिलंय. चार पिढ्यांतल्या या चार बायकांपैकी फक्त पहिलीला अंगठा का द्यावा लागला आणि बाकीच्यांना का नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते त्या दोन किलोमीटरांत लिहिलेलं आहे. पुढच्या आवृत्तीत एक पान घालावं, असं मी काकांना सुचवलंय. काका 'बघू' म्हणालेत. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे, पण मी मागे लागणार आहे.

जोतीराव गेल्यावर सावित्रीबाई सहा वर्षांहून जास्त काम करत राहिल्या. १८९७ मध्ये प्लेग आला. त्यांनी मुलगा डॉक्टर यशवंत याच्याकडून शहराबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना काढवला. मुंढव्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यातच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. वय सहासष्ट. पायीच सगळं.

कोणाला जायचं असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला निघा, आठनंतर टेम्पो सुरू होतात. सोमवारातून त्रिशुंड करा, मग रास्ता, नाना, तिथून दक्षिणेला गंज पेठ, येताना गुरुवार. गंज पेठ विचाराल तर लोक सांगतील, पण पाटीवर महात्मा फुले पेठ असतं. टायरमध्ये हवा नीट भरून घ्या, रस्त्यात खड्डे आहेत. आणि मावशी, तू येणार असशील तर तुझ्या साड्यांच्या दुकानावरूनच जाऊ, रस्ता तोच आहे.